दारात हुंगणारे सर

माझ्यावर संशय घेणाऱ्या माणसांची मला सवय आहे. लग्नानंतर सासूबाईंनी वर्षभर माझ्या स्वयंपाकावर घेतला, सियालदहच्या बाजारातले भाजीवाले अजून माझ्या बंगालीवर घेतात, आणि मुलगी तर मी काहीही बोलले तरी घेते. पण कामाच्या ठिकाणी रोज सकाळी दारात उभं करून मला हुंगणारा माणूस एकच भेटला. ते आमचे सर.

ऑफिस कोलकात्यात, डलहौसीच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. काम चहाच्या दलालीचं. आसामातल्या आणि दुआर्समधल्या मळ्यांचा माल गोदामात उतरतो, त्याच्या नमुन्यांचे डबे आमच्याकडे येतात, आमचे टेस्टर ते चाखून भाव सुचवतात आणि मग माल लिलावात जातो. सर मुख्य टेस्टर. चाखायची खोली म्हणजे एक लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची ओळ, आणि चाकांवर ढकलत न्यायची पितळी पिकदाणी. चमचाभर चहा जोरात आवाज करून ओढायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर मला तशीच हाताला धरून सांगलीला परत नेलं असतं.

त्या खोलीच्या दारात सर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे असायचे. कोणी आत जायला लागलं की मान पुढे काढून दोन श्वास घ्यायचे. केसांना तेल, अंगाला अत्तर, तोंडाला कांदा-लसूण, बोटांना तंबाखू, यांतलं काहीही असलं की तो माणूस त्या दिवशी बाहेर. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा म्हातारा चावट आहे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बागचीदांनाही तसंच हुंगत होते, आणि बागचीदा म्हणजे केस पांढरे झालेले दोन नंबरचे टेस्टर. तेव्हा माझा संशय बदलला. मला वाटलं, बायकांना आत येऊ न देण्याची ही युक्ती असणार. कारण तेल आमच्याच डोक्याला आणि फोडणीचा वास आमच्याच हाताला असतो. मी धीर करून एकदा म्हटलं, सर, तुम्ही नुसतं विचारत का नाही? ते म्हणाले, विचारून काय मिळतं? माणूस तोंडाने खोटं बोलतो, केसांनी नाही बोलत.

ते बोलायचे बंगाली वळणाच्या हिंदीत. मी ते सगळं मराठीत सांगते आहे, त्यामुळे थोडं सभ्य वाटेल.

पाठीमागे सगळे त्यांना दारोगाबाबू म्हणायचे, म्हणजे फौजदारसाहेब. कोणाच्या हातचा घोट ते घ्यायचे नाहीत. दुपारी मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, कारण त्यात कोणी काही घातलं तर दिसतं. वेळ विचारायची तर दोन माणसांना विचारायची आणि दोघांची जुळली नाही की दोघांकडेही रोखून पाहायचं. घर हावड्याला. कधी बसने पुलावरून जायचे, कधी फेरीने नदी ओलांडून, आणि आज कुठून जाणार हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठरवायचे, म्हणजे कोणाला आधी कळायला नको. कोणी त्यांची स्तुती केली की ते खुर्ची थोडी मागे सरकवत.

मी तिथे पोचले ती नवऱ्याच्या बदलीमुळे. तो बँकेत. मी पुण्यात अन्नतंत्रज्ञान शिकले होते, कोलकात्यात रिकामी बसले असते तर डोक्याने गेले असते. नमुन्यांच्या विभागात जागा मिळाली. तिथे सगळे मला पहिल्या दिवसापासून बोउदी म्हणायला लागले. बोउदी म्हणजे वहिनी. प्रेमाने म्हणायचे, त्यात शंका नाही, पण कोणा न पाहिलेल्या भावाची बायको म्हणून मी त्या ऑफिसात वावरत होते. दुपारच्या गप्पा बंगालीत रंगायच्या, मी आले की कोणीतरी हिंदीत एक वाक्य टाकायचं आणि गाडी पुन्हा रुळावर. सर मात्र मला मॅडम म्हणायचे. तेही संशयानेच, पण मॅडम.

मग तो कोरोनाचा ताप आला. सर बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा बारीक झाले होते आणि सारखे खोकत होते. दारात उभं राहणं मात्र चुकलं नाही. त्याच सुमाराला एकदा मी घाईत लसणीची चटणी आणि भाकरी खाऊन गेले. जिन्यातच लक्षात आलं. नमुने मांडायला मला आत जावंच लागायचं. सरांनी मान पुढे काढली, दोन श्वास घेतले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, जा. मी दिवसभर वाट पाहत होते की आता बोलावतील, आता सगळ्यांसमोर काढतील. काही झालं नाही. मला ते शिक्षेपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. हा माणूस मला कशात तरी अडकवणार आहे, असं मी घरी नवऱ्याला सांगितलं.

तापानंतर त्यांनी आणखी एक नवीन काढलं. पूर्वी कप चाखून सर आधी बोलायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. आता ते चाखायचे, थुंकायचे आणि गप्प बसायचे. मग बोट दाखवायचे ते सगळ्यांत नवीन माणसाकडे. तू बोल. तो बोलला की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, शेवटी बागचीदा, आणि सगळ्यांचं ऐकून झालं की सर भिजलेली पत्ती चिमटीत दाबत निकाल द्यायचे. बागचीदांना हा अपमान वाटला. ते म्हणायचे, म्हातारा आपल्या चुका गोळा करतोय, एक दिवस सगळ्या मोठ्या साहेबांपुढे ओतेल. आम्हा सगळ्यांना तसंच वाटायचं. पोरं बोलायच्या आधी घाम पुसायची.

एके दिवशी दुआर्सच्या एका लॉटवर सगळे बोलून झाले. छान आहे, दमदार आहे, वरच्या भावाचा आहे. मी टेबलाच्या टोकाला डबे लावत उभी होते. सर म्हणाले, मॅडम, तुम्ही. मी म्हटलं, मी टेस्टर नाही. ते म्हणाले, जीभ आहे ना?

मी चमचा ओढला, आणि जे वाटलं ते सांगितलं: मोहरी. सगळे हसले. बागचीदा म्हणाले की बोउदींना आता कोलकात्यात सगळीकडे मोहरीच दिसते. सर हसले नाहीत. त्यांनी चाखायचा चहा करून देणाऱ्या हरिपदला गोदामात पिटाळलं. हरिपद बातमी घेऊन आला की त्या मालाच्या गोण्या मोहरीच्या पेंडीच्या पोत्यांना लागून ठेवल्या होत्या. लॉट थांबला. तो तसाच गेला असता तर घेणाऱ्याने परत पाठवला असता आणि आमच्या नावाला बट्टा लागला असता.

आता यात माझी काही हुशारी नव्हती. त्या खोलीतला प्रत्येक जण मोहरीच्या तेलात तळलेल्या माशावर वाढलेला. त्यांच्या नाकाला तो वास म्हणजे घरची हवा. आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल, म्हणून मला तो ठसका लागला. दुसऱ्याच आठवड्यात एका चहाला खवट शेंगदाण्याचा वास होता आणि तो सगळ्यांना आला, मला नाही. मी तो चहा चांगला म्हणून सांगितला. तेव्हा बागचीदा फार खूश झाले. सर म्हणाले, नाकाला आपल्या घरातला वास येत नाही. सगळी नाकं एकाच घरातली असतील तर मी एकच नाक ठेवीन ना, इतक्यांना पगार कशाला देऊ?

याच काळात कंपनीने गुरुग्रामहून शिवानी नावाची मुलगी पाठवली. मनुष्यबळ विभागाची, हसरी, मनापासून काम करणारी. तिने विविधता आणि समावेश सप्ताह काढला. भिंतींवर हातात हात घातलेल्या माणसांची पोस्टरं लागली. सर एका पोस्टरसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, दारावर पाटी का लावतात? आत काय आहे ते दिसत नाही म्हणून.

गंमत अशी की शिवानीच्या अहवालात सगळ्यांत जास्त कौतुक सरांचं होतं. धाकट्यांना आधी बोलू देणारे साहेब. शिवाय आमच्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात वर्षानुवर्षं नमुन्यांचे डबे रचलेले होते आणि आम्हाला वरच्या मजल्यावर जावं लागायचं, ते सरांनी एका दुपारी रिकामं करून घेतलं. शिवानीने ते महिलांविषयीची आस्था म्हणून लिहिलं. खरं म्हणजे चहाला फिनेलचा वास लागेल म्हणून त्यांनी आरडाओरडा केला होता. कौतुक वाचून दाखवलं तेव्हा सरांनी खुर्ची इतकी मागे सरकवली की ती भिंतीला टेकली.

तेवढ्यात टेस्टरची एक जागा निघाली. उमेदवार दोघं. एक मी, दुसरा अर्क. अर्कचे वडील याच खोलीत टेस्टर होते. मुलगा चांगला होता, माझ्याशी कधी वाकडं वागला नाही. पण माझा जीव त्या जागेत अडकला होता. तोवर मी कुणाची तरी बायको म्हणून या शहरात आले होते. टेस्टर झाले असते तर माझ्या जिभेमुळे इथे असते.

परीक्षा सरांच्या पद्धतीची. कप सगळे एकाच जातीच्या चहाचे, रंगाने फरक कळू नये असे. त्यांतल्या दोन कपांत एकच चहा, आणि एका चहाला किंचित धूर लागलेला. जुळे ओळखायचे आणि धुरकट सांगायचा. हरिपद चहा ओतणार, कपाच्या बुडाला नंबराची चिठ्ठी लावणार आणि बाहेर जाणार. मग सर एकटे आत जाऊन कपांच्या जागा बदलणार. म्हणजे ज्याला चहा माहीत त्याला जागा माहीत नाही, आणि ज्याला जागा माहीत त्याला चहा माहीत नाही. त्यानंतर उमेदवार.

अर्कला धुरकट सापडला, जुळे सापडले नाहीत. मला दोन्ही सापडले. जागा मला मिळाली. शिवानीने माझा कपासोबत फोटो काढला, कंपनीची पहिली महिला टेस्टर म्हणून, आणि तो सगळ्या शाखांना गेला.

फोटो गेला तशी कुजबुज सुरू झाली. बागचीदांचं म्हणणं सरळ होतं. दारोगाबाबूंचं नाक सगळ्या कोलकात्याला माहीत आहे. कप उचलताना वाफेवरून त्यांना कुठला चहा कुठे ठेवला ते कळणारच. वरून फोटोची मागणी आली होती, म्हाताऱ्याने ती पुरवली. आणि मग ते वाक्य, जे मला अजून बोचतं: बोउदी धुरकट कपापाशी आल्या तेव्हा दारोगाबाबू खोकले.

ते खोकले होते. मीही ऐकलं होतं.

घरी नवरा थट्टेत म्हणाला, फोटोसाठी दिली असेल तर काय झालं, पगार तर खराच आहे ना. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. राग त्याचा नव्हता. मलाही तेच वाटायला लागलं होतं. धूर मला जिभेवर लागला की खोकला ऐकून लागला, हे मला आता सांगता येईना. लसणीच्या दिवशी त्यांनी मला आत सोडलं होतं, तेही आठवलं. तेव्हापासूनच मला पुढे काढायचं ठरलं होतं की काय? मोहरीच्या दिवशी इतक्या जणांना सोडून मलाच का विचारलं? एकेक गोष्ट त्या बाजूला कलायला लागली. मी खुर्चीत बसायचे ती टोकावर, कधीही उठवतील अशी.

बागचीदांनी लेखी तक्रार दिली आणि मोठ्या साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं. साहेब, बागचीदा, शिवानी, सर आणि मी. टेबलावर सप्ताहाची उरलेली एक सुगंधी मेणबत्ती पेटत होती. साहेब समजूतदार माणूस. ते म्हणाले की वाद नको, परीक्षा पुन्हा घेऊ, या वेळी कप दुसरं कोणी हलवेल. यात मॅडमचाच फायदा आहे, त्यांच्यावरचा डाग जाईल. मी लगेच हो म्हणाले. मला तेच हवं होतं.

सर म्हणाले, नाही.

साहेबांनी कारण विचारलं.

"अर्कच्या वडिलांची परीक्षा दोनदा झाली होती का? बागचीची झाली होती? हिनेच का दोनदा द्यायची?"

बागचीदा शांतपणे म्हणाले की त्यांच्या वेळी कोणाचा दबाव नव्हता, आणि कप हलवणाऱ्याला चहा माहीत होता अशी शंकाही कोणी घेतली नव्हती. ते म्हणाले, दादा, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, शंका आली की विचारायचं. मी विचारतो आहे. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?

सरांनी टेबलावरची मेणबत्ती जवळ ओढली. शिवानी घाबरून ती विझवायला पुढे झाली, कारण सरांसमोर सुगंध म्हणजे काय ते तिला एव्हाना कळलं होतं. त्यांनी हाताने तिला थांबवलं.

"राहू दे. हिला वास कशाचा आहे, ते मला सांग."

शिवानी म्हणाली, लव्हेंडरचा, सर. सॉरी, सर.

"सॉरी नको. मला माहीत नव्हतं म्हणून विचारलं. तापानंतर मला कशाचाच वास येत नाही. चवही तशीच गेली. कप हलवले तेव्हा माझ्यासाठी ते सगळे गरम पाण्याचे कप होते. आणि खोकलो ते खोकला आला म्हणून."

मला आधी आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लगेच लाज वाटली. माझी जागा खरी होती. त्यांची गेली होती. लसणीचा दिवस, धाकट्यांकडे दाखवलेलं बोट, चिमटीत दाबलेली पत्ती, सगळं एकदम जागेवर बसलं. आम्ही ज्याला सापळा समजत होतो ती त्यांची गरज होती. त्यांना आमच्या जिभा हव्या होत्या, जितक्या वेगवेगळ्या तितक्या बऱ्या. हे गुपित त्यांनी आणखी काही वर्षं, निवृत्तीपर्यंत, सहज सांभाळलं असतं. संशय घ्यायला शिकवलेल्या इतक्या माणसांत एकालाही त्यांचा खरा संशय आला नव्हता.

बागचीदा उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी तक्रार मागे घेतली, पण सरांकडे पाहून ते त्यांना सांगता आलं नाही.

पुढे काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. शिवानीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली की कंपनी त्यांना सन्मानाने ठेवेल, समावेशाचा चेहरा म्हणून. सर खुर्ची मागे सरकवत म्हणाले, मला पोस्टरवर चढवणार असाल तर मी आत्ताच फेरी पकडतो. आणि फुकटची खुर्चीही नको, फुकट काही मिळालं की मला झोप येत नाही. काम द्या. साहेबांनी विचारलं, कुठलं काम?

"कप हलवायचं. परीक्षेतच नाही, रोज. मळ्याचं नाव वाचून चहा चाखतात सगळे. मीही तेच केलं आयुष्यभर. नाक असलेल्या माणसाने कप हलवले की बागची शंका घेणार, आणि बरोबरच घेणार. माझ्यावर कोण घेईल?"

साहेबांनी थोडा विचार केला आणि ते काम त्यांना दिलं. आता आमच्याकडे रोजचे कप तसेच लागतात. मुख्य टेस्टर बागचीदा झाले, आणि तेही डब्यावरचं नाव न पाहता चाखतात. पहिल्या महिन्यात त्यांनी एका बड्या मळ्याचा चहा साधा म्हणून टाकला आणि नाव कळल्यावर पाणी मागितलं. अर्कला पुढच्या वर्षी जागा मिळाली. नंतर दुआर्सच्या मळ्यांच्या भागातली एक आदिवासी मुलगी आली. तिला पत्ती भट्टीत किती वेळ राहिली ते कळतं आणि बंगाली गप्पा माझ्याइतक्याच कळत नाहीत. आम्ही दोघी टेबलाच्या एका टोकाला बसतो. बोउदी म्हणणं कधी थांबलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या मीटिंगच्या दुसऱ्या सकाळी मी आले तेव्हा सर दारात होते, हात पाठीमागे बांधून. मला वाटलं होतं, आता हे थांबेल. मी समोर उभी राहिले. त्यांची मान सवयीने पुढे आली, अर्ध्यात थांबली आणि मागे गेली. ते माझ्याकडे पाहत राहिले. इतका अवघडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"मॅडम, तेल लावलंय?"

"नाही, सर."

"लसूण?"

"नाही."

त्यांनी आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.

"मग जा आत."

त्यानंतर ते प्रत्येकाला तसंच विचारतात आणि जे उत्तर मिळेल ते धरून चालतात. त्या दारात कोणालाही काहीही सांगून आत जाता येईल, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मागच्या थंडीत मी एकदा चटणी-भाकरी खाऊन गेले होते. त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले, आणि तो अख्खा दिवस बाहेर डबे पुसत बसले.